तिथीची पाऊणपट : मेनच्या बेटांमधले चार दिवस

हा लेख इटलीवर असणार होता. नेपल्सहून निघायचं, अमाल्फीचा किनारा, काप्री आणि पुढची छोटी बेटं शिडाच्या बोटीतून बघायची. आठ-दहा प्रवासी, एक कप्तान आणि रोज नवं बंदर, असा बेत अमेरिकेतल्या कॅरी गावच्या आमच्या तीन कुटुंबांनी दोन हिवाळे शिजवला. शिजवला म्हणजे दर शनिवारी कुणाच्या तरी घरी पावभाजी खात टीव्हीवर इटलीचे व्हिडिओ बघितले. शेवटी दोन कुटुंबं गेली आणि आम्ही राहिलो.

आमच्या घरात पासपोर्ट तीन आणि देश दोन. तेरा वर्षांची लेक ईरा इथेच जन्मली, ती उद्या सकाळी उठून इटलीला जाऊ शकते. मी आणि नवरा निखिल अजून वर्क व्हिसावर, आणि पासपोर्टमधला व्हिसाचा शिक्का कधीच संपलाय. इथे राहायला, काम करायला त्याची अडचण नाही. पण एकदा देशाबाहेर पाऊल टाकलं की नवा शिक्का मारून घेतल्याशिवाय परत येता येत नाही, आणि त्याची अपॉइंटमेंट कधी मिळेल, मिळालेली पुढे ढकलली जाईल का, हे कुणी सांगू शकत नाही. ओळखीचं एक जोडपं दोन आठवड्यांसाठी म्हणून भारतात गेलं आणि महिनोन्महिने तिकडेच अडकलं. त्यांच्या अंगणातलं गवत आम्हीच कापत होतो. ग्रीन कार्डच्या रांगेत आमचा नंबर येईल तेव्हा ईराची मुलं आम्हाला विमानतळावर सोडायला येतील, असं निखिल म्हणतो. तर इटली बाद झाली. आणि इटलीचं सोडा, मी वेंगुर्ल्याला आईकडे गेले त्यालाही सहा वर्षं झाली.

मैत्रीण सोनालीने ग्रुपवर अमाल्फीच्या लिंबांचे फोटो टाकायला सुरुवात केली तेव्हा माझा चेहरा बघून निखिल म्हणाला, "यार, तुला समुद्र पाहिजे ना? समुद्र इथेही आहे. मेनला जाऊ." माणूस नागपूरचा, पाण्याशी त्याची ओळख फुटाळा तलावापुरती. त्याने शिडाच्या जहाजाचं बुकिंग स्वतःहून करावं, यातच मला सगळं मिळालं असं तेव्हा वाटलं होतं.

आता जायचं मनात असलेल्यांसाठी कामाचं बोलते. मेन राज्याच्या किनाऱ्यावर रॉकलंड नावाचं गाव आहे. तिथून उन्हाळ्यात जुनी लाकडी गलबतं प्रवासी घेऊन निघतात. दोन डोलकाठ्या, मोठमोठी शिडं, इंजिन नाही; वारा पडलाच तर मागून एक लहान मोटरबोट ढकलते. आमच्या जहाजावर आठ प्रवासी होते. तीन रात्री, चार दिवस, जेवणखाण त्यातच, आणि खर्च इटलीच्या निम्म्याहून कमी. आमच्या जवळच्या रॅलेहून पोर्टलंडपर्यंत विमान आणि तिथून भाड्याची गाडी घेऊन रूट वनने दोन तास. हायवेने अर्धा तास वाचतो, पण मग रस्त्याकडेच्या टपऱ्यांमधला ब्लूबेरी पाय हुकतो. चाकांच्या बॅगा नेऊ नका, केबिनमध्ये त्या आडव्याही मावत नाहीत आणि उभ्याही. जुलै असला तरी स्वेटर आणि कानटोपी घ्या. शाकाहारी असाल तर आधी कळवा. आणि मुख्य म्हणजे, रॉकलंडचा धक्का सोडला की फोनला रेंज नाही.

हे शेवटचं वाक्य मी बुकिंगच्या वेळी नीट वाचलं नव्हतं. माझा दिवस सकाळी आईच्या फोनने सुरू होतो. इथली सकाळ म्हणजे तिकडची संध्याकाळ. बाबा गेल्यापासून आई वेंगुर्ल्याजवळच्या आमच्या गावात एकटीच राहते. भाऊ पुण्यात. आईला व्हिडिओ कॉल घेता येतो, पण फोन नीट धरता येत नाही, त्यामुळे आम्हाला बहुतेक वेळ तिचं कपाळ आणि वरचा पंखा दिसतो. ईरा त्याला फॅन कॉल म्हणते. वर्षभर आम्ही या फॅन कॉलवर हसत आलो होतो.

धक्क्यावर उभं राहून मी आईला शेवटचा फोन केला. चार दिवस फोन लागणार नाही म्हटल्यावर ती म्हणाली, "बरं. पाण्यात हात-पाय जपून. शिडाच्या काठीखाली उभी राहू नकोस." मग मी सवयीने विचारलं, "आई, आज तिथी काय?"

"आज सप्तमी," आई म्हणाली.

हे आमच्यात का विचारतात ते सांगायला हवं. आई शाळेत शिक्षिका होती. तिची शाळा खाडीच्या पलीकडे, आणि जायला होडी. ओहोटीला होडी चिखलात बसायची, तेव्हा घरातून कधी निघायचं हे पाण्यावर ठरायचं. किनाऱ्यावरचं जुनं गणित असं, की तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता पाणी भरतं. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. त्याच्या सहा तास अलीकडे-पलीकडे सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी. पौर्णिमा किंवा अमावास्या झाली की परत एकपासून. शाळेत असताना मी पाऊणकीचा पाढा याच्यासाठी शिकले, दुसरा काही उपयोग आजवर झालेला नाही. आई मात्र नोकरी संपल्यावरही रोज सकाळी कॅलेंडर बघून तिथी म्हणायची, आणि घरामागच्या पायऱ्या उतरून पाणी सांगितल्यासारखं आलंय की नाही ते बघून यायची. आमच्या आईची तिथी चुकली असं कधी झालं नाही.

आणखी एक सांगते. पूर्वी प्रत्येक फोनच्या शेवटी आई विचारायची, "कधी येतेस?" मी दर वेळी शिक्क्याचं पुराण सांगायचे. मग कधीतरी तिने विचारणं सोडलं. नक्की कधी ते मला आठवत नाही. खरं सांगायचं तर मला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं होतं.

कप्तान रूथ साठीची बाई. उंच, उन्हाने रापलेली, हसताना आधी डोळे बारीक करणारी. जहाजावर पाय ठेवल्या ठेवल्या तिने आम्हा सगळ्यांना एका जाड दोरापाशी रांगेत उभं केलं. या जहाजांवर प्रवासी नुसते बसून राहत नाहीत, शिड त्यांनीच चढवायचं. ओहायोचे डॉन आजोबा दरवर्षी येतात, ते सगळ्यांत पुढे. रूथ "हीव्ह" म्हणून ओरडली की सगळ्यांनी एकदम ओढायचं. निखिल माझ्यामागे होता. तिसऱ्या ओढीला तो म्हणाला, "आपण पैसे देऊन हमाली करतोय हे तुझ्या लक्षात आलंय ना?" पण शिड वर जाऊन वाऱ्याने भरलं, जहाज एका अंगाला कललं आणि सगळे आवाज बंद होऊन फक्त पाणी कापल्याचा आवाज राहिला, तेव्हा तोही गप्प झाला. मग उलटीची गोळी घेऊन आडवा झाला.

रॉकलंडसमोरच्या पेनॉब्स्कॉटच्या उपसागरात शेकडो बेटं आहेत म्हणतात, तितकी असतील की नाही कोण जाणे, पण एक मागे पडायच्या आत दुसरं पुढे येतं. काळपट ग्रॅनाइटचा कठडा आणि वर सूचिपर्णी झाडांची दाटी. पाण्यावर सगळीकडे रंगीत बोये तरंगत असतात. प्रत्येकाच्या खाली शेवंडांचा, म्हणजे लॉबस्टरचा, पिंजरा, आणि रंगावरून पिंजरा कोणाचा ते कळतं. माझ्या किनाऱ्याशी इथलं काहीच जुळत नव्हतं. नारळ नाही, लाल माती नाही, पाणी असं गार की बोट बुडवलं तर दुखतं. तरी मी संध्याकाळपर्यंत पुढच्या टोकाला बसून राहिले. खारा वारा, ओला दोर आणि चुलीचा धूर, हे तीन वास एकत्र आले की मला काही सुचत नाही. खालच्या स्वयंपाकघरात खरंच लाकडाची चूल होती. पहिल्या रात्री मक्याचं सूप आणि त्या चुलीतला पाव मिळाला. मी बरोबर आणलेलं लिंबाचं लोणचं टेबलावर ठेवलं, तर डॉन आजोबांनी ते पावावर जॅमसारखं लावलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, पण बरणी त्यांनी परत दिली नाही.

दुसऱ्या दिवशी धुकं. इथलं धुकं म्हणजे जहाजाच्या एका टोकावरून दुसरं टोक दिसत नाही. रूथने दिवसभर एका खाडीत नांगर टाकून ठेवला. पत्ते झाले, विणकाम झालं, निखिलने सगळ्यांना आलं घातलेला चहा करून पाजला आणि एकदम लोकप्रिय झाला. तिकडे आमच्या गावात याच दिवसांत समुद्र बंद असतो. पावसाळ्यात होड्या वर ओढून नारळाच्या झापांनी झाकलेल्या असतात, नारळी पौर्णिमेपर्यंत कुणी पाण्यात जात नाही. इथे मात्र याच दिवसांत हंगाम. धुक्यात बसून मी ईराला हे सांगितलं, पाऊणपटीचं गणितही सांगितलं. तिने एका कानातला इअरफोन काढून ऐकलं, हा मोठाच मान.

"सो इट्स जस्ट टाइम्स पॉइंट सेव्हन फाइव्ह?" ती म्हणाली.

"हो. पण इथे लागू पडेल की नाही ते माहीत नाही. समुद्र दुसरा."

"लेट्स टेस्ट इट," ईरा म्हणाली. निघालो त्या सोमवारी सप्तमी, म्हणजे बुधवारी नवमी. नऊची पाऊणपट पावणेसात. म्हणजे दुपारी पाऊणच्या सुमाराला सुकती. हे तिने मनात केलं आणि मला आपल्या शिक्षणाचं सार्थक झालं. स्वयंपाकघराच्या दारावर भरती-ओहोटीचं छापील वेळापत्रक टांगलेलं होतं. ते बघितलं तर परीक्षा कसली, म्हणून आम्ही दोघींनी ठरवून बघितलं नाही.

बुधवारी या सहलीतला मुख्य सोहळा असतो. एका निर्मनुष्य बेटावर उतरायचं, किनाऱ्यावर लाकडं पेटवायची आणि मोठ्या पातेल्यात समुद्राचं पाणी, समुद्रशेवाळ आणि शेवंडं घालून उकडायची. आमच्याकडे हा माल परस्पर हॉटेलांकडे जातो, घरात क्वचित. इथे माणशी दोन मिळणार होती, आणि शाकाहारी निखिलसाठी भाजलेली कणसं. धुकं अजून होतंच, पण विरळ. होडीच्या पहिल्या फेरीत मी आणि ईरा किनाऱ्यावर पोचलो. बाकीचे यायला वेळ होता. समोरच एक छोटं बेट दिसत होतं, घरापेक्षा थोडं मोठं, आणि मध्ये वाळूचा उघडा दांडा. रूथ परत जाताना म्हणाली होती, लांब जाऊ नका. हे काही लांब नव्हतं.

साधारण बारा वाजले होते. "पाऊणपर्यंत पाणी उतरतच जाणार," मी ईराला छातीठोकपणे सांगितलं. "दोनपर्यंत आरामात परत येऊ." दांड्यावरून पलीकडे गेलो. सीलची दोन डोकी दिसली, ईराने निळ्या शिंपल्यांनी खिसे भरले, मी एका सपाट कातळावर बसून शेवाळाचा वास घेत होते. मन आमच्या मागच्या पायऱ्यांवर गेलं होतं. पाणी जरा जवळ आल्यासारखं वाटलं, तरी मी उठले नाही. आईने सांगितलेलं पाणी वेळेआधी येत नाही.

ईराने हाक मारली तेव्हा साडेबाराच वाजले होते, आणि दांडा नव्हता. मधल्या भागावरून पाणी वाहत होतं, गुडघाभर तरी होतं, आणि ओढ दिसत होती. पलीकडच्या किनाऱ्यावर निखिल एका हातात कणीस घेऊन दोन्ही हात हलवत होता. पाण्याची भीती असलेला माणूस घोट्यापर्यंत पाण्यात उतरला होता. रूथने त्याला दंडाला धरून मागे आणलं आणि आम्हाला ओरडून सांगितलं, "स्टे पुट! आहात तिथेच थांबा! पातेलं उतरवते आणि होडी घेऊन येते!"

धोका काहीच नव्हता. होडी येणार होती, आणि नसती आली तरी काही तासांनी दांडा परत उघडा पडणार होता. पाणी परत उतरतं याची खात्री असली की माणसाला अडकण्याची भीती वाटत नाही. मी कातळावर बसून विचार करत होते तो दुसराच. "गणित इथे लागू नाही म्हणायचं," मी म्हटलं. "दोनऐवजी साडेबारालाच पाणी आलं, दीड तासाचा फरक पडला."

ईरा मोजत होती. "दॅट्स एक्झॅक्टली टू तिथीज, मॉम. इफ इट वॉज सप्तमी टुडे, देन इट वर्क्स."

"आज सप्तमी नाही. सोमवारी होती. आजीने सांगितलं."

ईरा खिशातले शिंपले काढून कातळावर मांडत राहिली. मग म्हणाली, "मॉम, डोन्ट फ्रीक आउट. आय थिंक आजी कान्ट सी."

"काय?"

"रिमेंबर माय हेअरकट?" ईराने एप्रिलमध्ये कमरेपर्यंतचे केस कानापर्यंत कापले होते. घरात दोन दिवस त्यावरून शीतयुद्ध होतं. "आय शोड हर ऑन द कॉल. ती म्हणाली, वेणी छान घातलीस. आय थॉट शी वॉज किडिंग. मग पुढच्या कॉललाही परत तेच म्हणाली. सो आय जस्ट सेड थँक यू."

पंखा दिसायचा तो का दिसायचा, ते त्या क्षणी मला कळलं. आईला फोन धरता येत नव्हता असं नाही. पडद्यावर स्वतःचा चेहरा येतोय की पंखा, हेच तिला दिसत नव्हतं. आणि आम्ही वर्षभर हसत होतो.

"तू मला सांगितलं का नाहीस?"

"यू ऑलवेज गेट सॅड आफ्टर दोज कॉल्स," ईरा म्हणाली. "आय डिडन्ट वाँट टू मेक इट वर्स." मग तिने विचारलं, "व्हाय डझन्ट शी आस्क एनीमोअर? व्हेन आर यू कमिंग. शी यूज्ड टू आस्क एव्हरी टाइम." माझ्या लेकीचं मराठी कच्चं आहे असं मी सगळ्यांना सांगत असते. तिने सगळं ऐकलं होतं.

रूथ होडी घेऊन आली तेव्हा मी रडत होते आणि ईरा माझ्या पाठीवरून हात फिरवत होती. रूथ वल्ही मारता मारता म्हणाली, "सुकती आज सव्वाअकराला होती. दारावर लिहिलंय." मी म्हटलं, माझ्या आईने वेगळं सांगितलं होतं. तिने मान हलवली, जणू आयांनी कप्तानापेक्षा वेगळं सांगणं रोजचंच आहे. किनाऱ्यावर निखिलने आम्हा दोघींना टॉवेलात गुंडाळलं, आणि मी त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून म्हटलं, "आईला दिसत नाहीये." शेवंडं उत्तम झाली होती असं सगळे म्हणाले. मी एक खाल्लं, चव आठवत नाही.

संध्याकाळी धुकं उठलं. पहिल्या रात्री ढग आणि मग धुकं, त्यामुळे मोकळं आभाळ आज पहिल्यांदाच दिसलं, आणि डोलकाठीच्या बाजूला चंद्र. खाडीकाठी वाढलेल्या माणसाला चंद्राची तिथी चेहऱ्यावरून कळते. नवमीचा चंद्र अर्ध्याच्या पुढे गेलेला असतो. हा अर्धाही नव्हता. सप्तमी. गणित या समुद्रालाही लागू होतं, पण आईची तिथी चुकली होती. डेकवर डॉन आजोबा माउथ ऑर्गन वाजवत होते, पाण्यात चांदणं पडलं होतं, सोनालीच्या लिंबांपेक्षा कितीतरी देखणं दृश्य होतं. मला फक्त घरी जायचं होतं. कॅरीला नव्हे.

शेवटच्या दिवशी वारा चांगला होता. रूथने ईराच्या हातात सुकाणू दिलं आणि ईराने आम्हाला जवळजवळ रॉकलंडपर्यंत आणलं. मी फोन हातात घेऊनच बसले होते. दीपगृह मागे पडलं आणि रेंजच्या दोन काड्या आल्या. ग्रुपवर काप्रीचे फोटो धडाधड कोसळले. ते बाजूला सारून मी आईला लावला. पंखा दिसला.

"पोचलीस गो? कसा होता समुद्र?"

"छान होता. आई, कॅलेंडर वाचता येतं का तुला?"

पंखा फिरत राहिला. "मोठे आकडे दिसतात," आई म्हणाली. "तिथी बारीक अक्षरात असते."

"मग सप्तमी कशी सांगितलीस?"

"अदमासाने. शेजारची वहिनी येते तेव्हा तिला विचारते, मग पुढे मोजत जाते. मधे एखादा दिवस दोनदा मोजला जातो. पावसात चंद्रही दिसत नाही. का, चुकली?"

"दोन दिवसांनी."

"अगो बाई," आई म्हणाली, आणि खरोखर शरमल्यासारखी हसली. "पाण्यात भिजलीस की काय?"

"सांगितलं का नाहीस आम्हाला?"

"सांगून काय करणार होतीस गो? येता येत नाही तुला. तिथे बसून रडली असतीस. त्यापेक्षा बरं चाललं होतं की." तिच्या आवाजात राग असता तर मला सोपं गेलं असतं. राग नव्हता. तिने आमच्या शिक्क्याची अडचण माझ्यापेक्षा नीट समजून घेतली होती आणि त्याप्रमाणे स्वतःला लावून घेतलं होतं.

परतीच्या रस्त्यावर आम्ही ब्लूबेरी पायसाठी थांबलो नाही. भावाला फोन केला. तो त्याच आठवड्यात गावी गेला आणि आईला डॉक्टरकडे घेऊन गेला. काचबिंदू. गेलेली नजर परत येत नाही, पण थेंब नियमित घातले तर उरलेली बराच काळ टिकू शकते. एका डोळ्याने अंधूक, दुसऱ्याने मधला भाग दिसतो. किती काळ, ते डॉक्टरांनी सांगितलं नाही. भावाने विचारलंही नाही, मीही नाही.

सोनाली इटलीहून परत आल्यावर सगळे आमच्याकडे जेवायला आले. फोटो बघून झाले, आणि तिने विचारलं, "मग, मेन कसं होतं? इटलीची हौस भागली का?" तुमच्यापैकीही कुणी हेच विचारेल म्हणून सांगते. मेनला नक्की जा. जुलैत जा, धुक्याची तयारी ठेवा, शिड ओढायला लाजू नका, आणि दारावरचं वेळापत्रक वाचा. इटलीची हौस भागली की नाही माहीत नाही, कारण इटलीची हौस मला नव्हतीच बहुधा. मला समुद्र हवा होता, आणि तो कुठलाही चालेल अशी मी स्वतःची समजूत घालत होते. कुठलाही चालत नाही.

त्या रात्री भांडी आवरताना मी निखिलला म्हटलं, "मी जाणार. शिक्क्याचं काय व्हायचं ते होवो." याच्यावर आमच्या घरात सहा वर्षं चर्चा झालेली आहे, तेव्हा मी लढायच्या तयारीत होते. नोकरी गेली तर, ईराची शाळा, घराचा हप्ता, सगळी उत्तरं पाठ केली होती.

त्याने ताटली पुसून फडताळात ठेवली. "तू आणि ईरा जा," तो म्हणाला. "मी इथे थांबतो, म्हणजे घर चालू राहील. तू अडकलीस तर ईराला परत यायला काही अडचण नाही, तिला मी बघीन. तुझ्या ऑफिसचं आधी बोलून घे." मग म्हणाला, "मीच इटलीऐवजी मेन म्हटलं होतं ना. मला वाटलं तेवढ्यावर भागेल." मी त्याच्या हातातला फडका काढून घेतला आणि उरलेल्या ताटल्या पुसायला घेतल्या.

भीती गेलेली नाही. ऑफिसमध्ये मॅनेजर समजूतदारपणे मान हलवते, पण तिच्यावरही कुणी आहे. अपॉइंटमेंटची तारीख मिळाली आहे आणि ती पुढे ढकलली जाऊ शकते. मी कधी परत येईन हे मला माहीत नाही. रूथच्या बेटावर दांडा पुन्हा उघडा पडणार हे ठाऊक होतं, इथे ते कुठल्याही दारावर लिहिलेलं नाही. हे सगळं माहीत असून मी डिसेंबरची तिकिटं काढली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आईला फोन लावला. ईरा शाळेचं दप्तर खांद्याला लावून मागे उभी होती.

"आई, आम्ही येतोय. मी आणि ईरा. डिसेंबरच्या शेवटी. तिकिटं काढली."

पंखा फिरत होता. मग आईने विचारलं, "तिथी काय पडते त्या दिवशी?"

फ्रिजवर कॅलेंडर लावलेलं आहे, दरवर्षी भारतातून कुणीतरी आणतं. मी जवळ गेले. अक्षरं खरंच बारीक असतात, मलाही चष्मा शोधावा लागला. "षष्ठी," मी म्हटलं.

"फोर थर्टी, आजी," मागून ईरा म्हणाली, आणि त्याच वेळी तिकडून आई "साडेचार" म्हणाली. दोघी हसल्या.

"म्हणजे पाणी खालच्या पायरीला लागलेलं असेल," आई म्हणाली. "संध्याकाळ करू नका गो. उजेडात पोचा. उजेडात मला अजून दिसतं."